विचारलं तर सांगा: नागपुरात आपल्या आशेबद्दल कसं बोलावं

ऑफिसातल्या एका मित्राचे वडील वारले, त्या रात्री मी त्याच्यासोबत मेडिकल हॉस्पिटलच्या आवारात बसलो होतो. मे महिना होता, नऊ वाजले तरी बाक तापलेलाच. कागदपत्रं व्हायची होती. बराच वेळ तो गप्प होता, मग म्हणाला, "काहून भाऊ, तुमच्यात मेल्यावर मानसाचं काय होते म्हनतात?"

मी तयारच होतो. आदामापासून सुरुवात केली. पाप, न्याय, वधस्तंभ, सार्वकालिक जीवन, प्रकटीकरणातलं नवं यरुशलेम, सगळं सांगितलं. वीस-पंचवीस मिनिटं तरी बोललो असेन. तो पाणी आणायला उठला आणि परत आला तो दुसऱ्या बाकावर जाऊन बसला. पुढची तीन वर्षं त्याने माझ्याजवळ देवाचा विषय काढला नाही.

त्या तीन वर्षांत जे शिकलो ते इथे लिहितो आहे. आपल्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दोन प्रकारची माणसं दिसतात. काही जण कोणी विचारलं तरी लाजून विषय बदलतात, आणि काही जण न विचारता बोलत सुटतात. मी दुसऱ्या प्रकारातला. दोघांनाही उपयोगी पडेल अशी एक सूचना पेत्राच्या पहिल्या पत्रात, तिसऱ्या अध्यायाच्या पंधराव्या वचनात आहे: तुमच्यात जी आशा आहे तिच्याबद्दल कोणी विचारलं तर उत्तर द्यायला नेहमी तयार असा, पण ते सौम्यतेने आणि आदराने द्या. हे वचन मला पाठ होतं. पण त्यात समोरच्याने विचारण्याची गोष्ट आहे, हे मी कधी नीट वाचलंच नव्हतं. शिवाय तिथे ‘मताबद्दल’ किंवा ‘धर्माबद्दल’ असं लिहिलेलं नाही, ‘आशेबद्दल’ असं लिहिलं आहे.

आधी आपली आशा एका पानावर उतरवा

वही घ्या, अर्धा तास काढा आणि एकटे बसा. मला कशाची भीती वाटायची? ती भीती कोणत्या प्रसंगात समोर आली? येशूमुळे त्या भीतीचं काय झालं? एवढंच लिहा. एक पान भरलं की थांबा आणि मोठ्याने वाचून बघा. वाचायला दोन मिनिटांपेक्षा जास्त लागत असतील तर कापा.

इथे बहुतेकांची एक गफलत होते. ‘होईल सगळं ठीक’ याला आपण आशा समजतो. तसं तर कोणीही म्हणतो, त्यासाठी ख्रिस्ती असायची गरज नाही. आपली आशा एका घडलेल्या गोष्टीवर उभी आहे. येशू मेला, पुरला गेला आणि तिसऱ्या दिवशी उठला. त्यामुळे मरणाचा शब्द शेवटचा नाही, झालेली चूक माफ होऊ शकते, आणि देव हे मोडलेलं जग एक दिवस पुन्हा नीट करणार आहे. पौलाने तर करिंथकरांना स्पष्ट लिहिलं की ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ आहे. इतक्या सरळपणे आपणही बोलायला हवं.

आणि खरं लिहा. माझ्या पानाचं पहिलं वाक्य असं आहे: "आईसाठी आम्ही दोन वर्षं प्रार्थना केली, आणि आई बरी झाली नाही." पूर्वी मी हे वाक्य टाळायचो. वाटायचं, यामुळे समोरच्याचा विश्वास डळमळेल. पण ज्याच्या घरातलं माणूस गेलं आहे त्याला हेच वाक्य आधी ऐकायचं असतं. त्यानंतर मी सांगतो की शेवटच्या आठवड्यात आई घाबरलेली नव्हती, ती का घाबरलेली नव्हती, आणि तिच्या कबरीपाशी उभा असताना मी कशाची वाट बघतो. फक्त बरे झालेल्यांच्या, नोकरी लागलेल्यांच्या, घर झालेल्यांच्या साक्षी सांगितल्या की ऐकणाऱ्याला वाटतं, हा देव फळ देणारा दिसतो. मग फळ मिळालं नाही तर तो देवही सोडतो, आणि त्यात त्याचा काही दोष नसतो.

मंडळीतली मराठी आणि बाजारातली मराठी

या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ देईन. आपण जन्मापासून उपासनेतली मराठी ऐकत आलो, त्यामुळे ती बाहेर कशी ऐकू येते याचा आपल्याला पत्ताच नसतो.

‘तारण’ घ्या. आपल्यासाठी सगळ्यात गोड शब्द. सीताबर्डीवरच्या कुठल्याही माणसाला विचारा, तारण म्हणजे बँकेत गहाण ठेवलेलं सोनं. ‘तुझं तारण झालं आहे का?’ या प्रश्नाचा त्याला काय अर्थ लागणार? ‘साक्ष’ म्हटलं की त्याच्या डोळ्यांसमोर कोर्ट येतं. ‘मंडळी’ म्हटलं की लग्नाला जमलेली पाहुणेमंडळी. ‘रक्ताने धुतलेले’ हे तर गाण्यात आपण डोळे मिटून म्हणतो, पण पहिल्यांदा ऐकणारा दचकतो.

‘नवा जन्म’ हा शब्द तर नागपुरात फार जपून वापरायला हवा. हिंदू घरातल्या माणसाला तो ऐकून पुनर्जन्म आठवतो. ज्या फेऱ्यातून सुटायचं, त्यातच आणखी एक फेरा, असं त्याला वाटतं. बौद्ध घरातल्या माणसासाठी याच शब्दाला वेगळं वजन आहे. १४ ऑक्टोबर १९५६ला दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांमध्ये ‘माझा नवा जन्म होत आहे’ या अर्थाची प्रतिज्ञा आहे. त्याच्या आजोबांनी ती उभ्याने म्हटली आहे. त्याला ‘तुझा नवा जन्म व्हायला पाहिजे’ असं सहज म्हणून जाणं म्हणजे त्याच्या घरातला सगळ्यात मोठा दिवस पुसून टाकणं आहे. आपल्या मनात तसं नसतं, पण ऐकू तसंच जातं.

मग बोलायचं कसं? ‘नव्याने जन्मायला हवं’ असं येशू निकदेमाला म्हणाला, त्याचा अर्थ उलगडून सांगा: देव माणसाला आतून पुन्हा सुरुवात करू देतो. तारणाऐवजी ‘सोडवणूक’, ‘वाचवणं’ म्हणा, आणि कशातून ते सांगा. पाप म्हणजे फक्त चोरी-खून किंवा पाप-पुण्याचा हिशोब नाही. ज्याने आपल्याला घडवलं त्याच्याकडे आपण पाठ फिरवली, आणि त्यातून बाकीची नातीही बिघडली, असं सांगा. शब्द जास्त लागतात, पण समोरच्याला कळतं.

याचा सराव घरीच होतो. आपलं एक पान घरातल्या दहा-बारा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला वाचून दाखवा. शाळेतल्या मैत्रिणीला समजणार नाही असा शब्द आला की हात वर करायला सांगा. माझ्या मुलीने पहिल्या वेळी अकरा वेळा हात वर केला.

आपल्याला नवीन मराठी शोधावी लागणार नाही, ती आहे. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी शंभरावर वर्षांपूर्वी येशूबद्दल अभंगांत आणि ओव्यांत लिहिलं. त्यांची पदं आपण उपासनेत म्हणतो, आणि बोलताना मात्र इंग्रजी प्रवचनांची सावली पडलेली भाषा वापरतो.

समोर कोण बसलं आहे

‘विश्वास न ठेवणारे’ असा एक गठ्ठा नसतो. नागपुरात तर नाहीच.

इंदोरा वस्तीतला बौद्ध शेजारी देव मानत नाही, पण त्याच्या मागे दीर्घ विचार आहे. बाबासाहेबांनी १९३५ साली येवल्यात धर्म सोडण्याची घोषणा केली आणि दीक्षा घेतली १९५६ साली. मधली एकवीस वर्षं त्यांनी धर्मांचा अभ्यास केला, त्यात ख्रिस्ती धर्मही होता, आणि त्यांनी बुद्धाचा मार्ग निवडला. अशा घरात जाऊन ‘तुम्ही कधी येशूचा विचार केला आहे का?’ असं विचारणं अज्ञानाचं आहे. तिथे आधी समजून घ्या. त्यांनी जातीबद्दल विचारलं तर लपवू नका. भारतातल्या कितीतरी मंडळ्यांमध्ये जात शिरली, बाकांवर आणि कबरस्तानांतही शिरली. ही आपली लाज आहे आणि ती आपणच मान्य केली पाहिजे.

महाल भागातल्या घरातला, तुकडोजी महाराजांची भजनं म्हणणारा काका नास्तिक नाही, तो तुमच्याहून जास्त वेळ देवाचं नाव घेत असेल. कॉलेजातला मुलगा काहीच मानत नाही, पण त्याने कधी बसून काही नाकारलेलंही नाही. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणारा कार्यकर्ता पुरावा मागेल, आणि तो मागण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीचा तर जन्मच या शहरातला. आणि ज्यांना आपण विसरतो ते आपल्याच घरातले: ख्रिस्ती नाव असलेली, नाताळला केक खाणारी, पण आता विश्वास उरला नाही असं हळूच सांगणारी आपली मुलं. त्यांच्याशी बोलताना तर दुप्पट हळुवारपणा हवा, कारण आपल्या आवाजात दुखावलेपण लगेच येतं.

म्हणून काही सांगायच्या आधी विचारा. तुमच्या घरी काय मानायचे? लहानपणी कोणती गोष्ट आवडायची? आता काय पटतं, काय पटत नाही? उत्तर येताना मनात आपला मुद्दा जुळवत बसू नका. ऐकून झाल्यावर त्याचंच म्हणणं आपल्या शब्दांत त्याला परत सांगा आणि ‘बरोबर समजलो ना?’ म्हणून विचारा. तो ‘हो’ म्हणेपर्यंत आपली पाळी आलेली नसते. हे तर्री-पोह्याच्या ठेल्यावर, फुटाळ्याच्या काठावर, मेट्रोत, कुठेही होतं. खास बैठक लावायची गरज नाही.

स्टीफन हिस्लॉप यांचं नाव आपण हिस्लॉप कॉलेजामुळे ओळखतो. हा स्कॉटिश मिशनरी १८४५ साली नागपुरात आला. त्याने इथले खडक अभ्यासले, जीवाश्म गोळा केले, गोंडांची गाणी आणि कथा त्यांच्याकडून ऐकून उतरवून घेतल्या. १८६३ साली टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहून परतताना बोरीजवळ पुराच्या पाण्यात तो बुडाला. परक्या देशातल्या माणसाने इथली माती आणि इथली गाणी ऐकायला एवढं आयुष्य दिलं. आपण इथलेच आहोत, तरी शेजाऱ्याच्या घरच्या सणाची गोष्ट आपल्याला पुरती माहीत नसते.

प्रश्न येतो तेव्हा

प्रश्न शास्त्राच्या भाषेत येत नाही. तो असा येतो: "एवढं झालं तरी तू शांत कसा काय आहे बे?" "तुमची आई गेली तेव्हा तुम्ही गाणे काहून म्हणत होते?" "रविवारी सकाळी झोपायचं सोडून तिथं जाऊन काय करता?" यातला प्रत्येक प्रश्न दाराच्या फटीएवढा आहे, आणि तेवढंच उत्तर द्यायचं.

माझ्या मित्राला त्या रात्री मी काय म्हणायला हवं होतं, ते मी नंतर लिहून काढलं: "आमचा विश्वास असा आहे की येशू मरून उठला, म्हणून मेलेलं माणूस देवाच्या हातून निसटत नाही. बाबांबद्दल मी काही ठरवून सांगणारा कोणी नाही. पण देव दयाळू आहे एवढं मला माहीत आहे. तू जेवला का?" याला अर्धं मिनिटही लागत नाही.

नेहमीच्या प्रसंगात दोन मिनिटं पुरतात, तुमचं ते एक पान. मग गप्प बसा. समोरच्याने पुढे विचारलं तर पुढे बोला. त्याने क्रिकेटचा विषय काढला तर क्रिकेटवर बोला, आणि मनापासून बोला. ‘मी तुमच्यासाठी प्रार्थना करू का?’ हे विचारायला हरकत नाही, पण ‘नको’ ऐकायची तयारी हवी. ‘हो’ म्हटलं तर प्रार्थना छोटी आणि साधी असू द्या, आवाज चढवू नका, आणि प्रार्थनेतून उपदेश करू नका.

सोबत वाचायचं म्हणाला तर

१८९३ साली, ख्रिस्ती होण्याआधी, कवी ना. वा. टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने निघाले होते. डब्यात एक युरोपीय गृहस्थ भेटला. तो सौजन्याने वागला, गप्पा काव्यावर गेल्या, आणि उतरण्याआधी त्याने टिळकांना नवा करार वाचायला दिला. टिळक वाचत गेले, मत्तयातल्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथे अडकले. १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या प्रवासात वादात कोणी जिंकलं नव्हतं. एका विद्वान माणसाला विद्वान म्हणून वागवलं गेलं आणि पुस्तकाला त्याचं काम करू दिलं गेलं.

तेव्हा तुम्हीही पुस्तकाला काम करू द्या. जुन्या भाषांतराची गोडी आपल्याला आहे, पण नव्या वाचकाला सोप्या मराठीतलं द्या. संपूर्ण पवित्र शास्त्र हातात देऊन ‘उत्पत्तीपासून वाच’ म्हटलं तर तो नियमांनी भरलेल्या लेवीयात थांबेल. मी चार बैठका सुचवतो. पहिली लूकचा पंधरावा अध्याय, त्यातला उधळ्या पुत्राचा दाखला. म्हातारा बाप लेकाला लांबून बघून धावत सुटतो, हे चित्र मराठी घरात सांगावंच लागत नाही, कळतं. दुसरी मत्तय पाच ते सात. तिसरी योहान अकरा, जिथे येशू मित्राच्या कबरीपाशी रडतो. चौथी मार्क चौदा ते सोळा. त्याला आवडलं तर मग मार्क पूर्ण वाचा. सोळाच अध्याय आहेत, मोठ्याने वाचले तरी दीड-दोन तासांत होतात.

प्रत्येक वेळी विचारायचं ते एवढंच: काय आवडलं, काय खटकलं, आणि हा येशू तुला कसा माणूस वाटतो? खटकलेल्या गोष्टीचं लगेच समर्थन करू नका. "हो, हे मलाही अवघड जाते," असं म्हणता येतं, खरं असेल तर. पुढच्या वेळी ‘वाचलं का?’ म्हणून मागे लागू नका.

अवघड प्रश्न

‘इंग्रजांचा धर्म’ हा प्रश्न येणारच. येशू आशियातला होता, आणि केरळातली ख्रिस्ती परंपरा युरोपीय जहाजं येण्याच्या कितीतरी शतकं आधीची आहे, हे खरं. पण नागपुरात सुवार्ता स्कॉटिश मिशनसोबत, इंग्रजी सत्तेच्या सावलीत आली, हेही खरं. दोन्ही सांगा. शाळा आणि दवाखाने उभे राहिले हे सांगताना त्या काळातला अहंकारही होता, हे कबूल करा.

‘तुमच्यातच किती पंथ, मग खरं कोणतं?’ याला माझ्याकडे नागपूरचंच उत्तर आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी सदरमधल्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये सहा वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. फुटणं आपल्याला माहीत आहे, जुळणंही माहीत आहे. सगळं जुळलेलं नाही.

‘सगळे धर्म सारखेच सांगतात’ याला घाईने ‘नाही’ म्हणू नका. दया, सत्य, दान याबद्दल बरंच सारखं आहेच. पण येशू उठला की नाही, या प्रश्नाला दोन्ही उत्तरं एकाच वेळी बरोबर असू शकत नाहीत. मी म्हणतो, "मी याच एका गोष्टीवर उभा आहे, तू ती तपासून बघ." पुराव्यांबद्दल बोलायचं असेल तर बोला, पण कोणाला हरवण्यासाठी नको.

आणि ‘देव आहे तर माझं लेकरू का गेलं?’ याला उत्तर देऊ नका. बायबलमधल्या दुःखी ईयोबाचे मित्र सात दिवस गप्प बसले तोवर बरोबर होते, बोलायला लागले तिथे चुकले. बसा. पाणी द्या. स्तोत्रसंहितेत ‘हे परमेश्वरा, कोठवर?’ असं विचारणारी माणसं आहेत, तसं विचारायला देवासमोर परवानगी आहे, एवढं नंतर कधीतरी सांगता येईल.

जिथे थांबायचंच

संविधानाच्या कलम २५ने प्रत्येकाला आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत. १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगणं, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे. मला हा निकाल जाचक वाटत नाही. मन बदलणं आपलं काम नाही, हे आपणही मानतो. सावनेर-काटोलच्या पुढे पाहुण्यांकडे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की सीमेपलीकडे मध्य प्रदेशात १९६८पासून याबाबत वेगळा कायदा आहे आणि २०२१ साली तो अधिक कडक झाला. सभा किंवा कार्यक्रम घेणार असाल तर त्या वेळचा कायदा वकिलाकडून समजून घ्या, इकडचाही आणि तिकडचाही.

कायद्याच्या पलीकडचं अधिक महत्त्वाचं. नागपूर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी असताना, १९५४ साली, इथल्या उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनरी कामाची चौकशी करायला समिती नेमली गेली. १९५६ साली तिचा अहवाल आला. आपल्या लोकांना त्याचं नाव काढलं तरी राग येतो, आणि त्यातले बरेच निष्कर्ष मलाही अन्यायाचे वाटतात. पण मदत आणि धर्म यांची सरमिसळ झाली की लोकांच्या मनात काय संशय उभा राहतो, ते समजायला तो विषय माहीत हवा. त्यासाठी माझे स्वतःचे नियम असे आहेत.

मदत करायची तर विश्वासाची अट नाही, आणि मदतीच्या त्याच भेटीत धर्मप्रचाराची पत्रिकाही नाही. किराणा दिला त्या दिवशी फक्त किराणा. ज्याच्यावर माझा अधिकार चालतो त्याच्याजवळ मी विषय काढत नाही: घरकाम करणाऱ्या ताई, हाताखालचा कर्मचारी, शिकवणीतला विद्यार्थी, पलंगावरचा रुग्ण. त्यांना ‘नाही’ म्हणणं जड जातं. त्यांनी स्वतः विचारलं तर थोडक्यात सांगतो आणि ‘यामुळे आपल्यात काही बदलणार नाही’ असं उघड म्हणतो. दुसऱ्यांच्या लहान मुलांशी आई-वडिलांना ठाऊक नसताना बोलत नाही.

आजारपणात प्रार्थना करतो, औषध बंद करायला कधीच सांगत नाही, आणि कोणी सांगत असेल तर तिथेच अडवतो. साखरेची गोळी, टीबीचा कोर्स, केमोथेरपी, यांच्याशी प्रार्थनेचं भांडण नाही. चमत्काराच्या दाव्याने लोकांना फसवणं महाराष्ट्रात २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याखालीही गुन्हा ठरू शकतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे गेलेला जीव परत येत नाही.

कोणाच्याही देवाची, गुरूची, मूर्तीची थट्टा नाही. घरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही नाही. रडणाऱ्या माणसाचा, प्रार्थना घेणाऱ्या माणसाचा फोटो नाही.

आणि कोणी स्वतःहून बाप्तिस्म्याचं विचारलं तर त्याला पूर्ण चित्र द्या. नागपुरात हे फार महत्त्वाचं आहे. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा धर्माशी जोडलेला आहे. १९५६ साली त्यात शीख आले, १९९० साली बौद्ध आले, ख्रिस्ती आजही नाहीत. म्हणजे त्याच्या शिक्षणावर, नोकरीवर, मुलांच्या सवलतींवर परिणाम होऊ शकतो. हे त्याला पाळकांनी नंतर सांगायचं नसतं, तुम्ही आधी सांगायचं असतं. घरच्यांशी बोलायला वेळ घ्यायला सांगा. लक्ष्मीबाई टिळकांना पतीच्या बाप्तिस्म्याने केवढा धक्का बसला आणि त्यांनी स्वतः १९०० साली बाप्तिस्मा घेईपर्यंत किती वर्षं गेली, ते आपल्याला माहीत आहे. ती वर्षं कोणी ढकलून कमी करायची नव्हती.

‘नाही’ म्हणाला तर

मग तुम्ही मित्र आहातच. त्याच्या मुलीच्या लग्नात पंगत वाढा, पोळ्याला त्याच्याकडे पुरणपोळी खायला जा, नाताळला त्याच्या घरी करंज्यांचा डबा पाठवा. ज्याच्यासाठी रोज प्रार्थना करता त्याचं नाव वहीत लिहा, पण मंडळीत जाहीर करू नका. तो काही तुमचं काम नाही, की पूर्ण झालं नाही म्हणून खंत करावी.

माझ्या मित्राने तीन वर्षांनी परत विचारलं. माझी आई गेली तेव्हा तो दफनभूमीवर आला होता आणि मातीच्या ढिगाजवळ आम्ही गायलो ते त्याने ऐकलं. महिन्याभराने चहा पिता पिता म्हणाला, "तू रडत होता अन् गातही होता. ते कसं काय जमते?" या वेळी मी दोन मिनिटंच बोललो. मग त्याने वाचायला मागितलं. चारही बैठका झाल्या. शेवटी म्हणाला, "मानूस लय मोठा आहे हा. पन उठला, हे मले नाही पटत अजून." मी म्हटलं, ठीक आहे.

त्याला अजूनही पटलेलं नाही. आमच्या मंडळीत पुनरुत्थानाच्या रविवारी पहाटे दफनभूमीत उपासना असते, कबरींवर मेणबत्त्या लावतात, आणि उजाडेपर्यंत गाणी चालतात. गेली चार वर्षं तो येतो, मागे उभा राहतो. यंदा आदल्या रात्री साडेदहाला त्याचा फोन आला: "सकाळी येऊन राहिलो. गेटजवळ थांबजो. काकूंसाठी मोगरा मी घेतो."